जिन्याखालचं कपाट बागेत

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीचा 25 वर्षांचा इतिहास खजिनदारांनी आत्ताच आकड्यांसकट सांगितला. त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी फक्त एका कपाटाबद्दल बोलणार आहे. बागेत पाण्याच्या टाकीशेजारी जे तांबूस-तपकिरी लाकडी कपाट उभं आहे ना, ते. बरेच पाहुणे विचारतात, हे नवीन केव्हा घेतलं? ते नवीन नाही. आपल्या निम्म्या सभासदांपेक्षा ते वयाने मोठं आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव झाला, की जिन्याखालचं सगळं सामान काढायचं. ठराव योग्यच होता. उद्या आग लागली तर उतरायला वाट तीच. त्या सामानात तळमजल्यावरच्या वहिनींचं कपाट होतं. तुम्ही मुलं त्यांना आजी म्हणता. भंगारवाल्याने कपाटाकडे नीट पाहिलंही नाही, जळणाच्या भावाने किलोवर किंमत सांगितली. सभेत वहिनी गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी घरी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, सासूबाईंनी यात लोणच्याच्या बरण्या ठेवल्या, मी साड्या ठेवल्या. घरात आता जागा नाही, हे कळतं मला. पण ते चुलीत जाऊ देऊ नका."

त्याच आठवड्यात बागेची बिलं माझ्याकडे तपासायला आली होती. बँकेतून निवृत्त झालो तरी ही कामं सुटत नाहीत! एका वर्षात चार खुरपी, दोन झाऱ्या आणि एक पाइप. खुरपं काही खाण्याची वस्तू नाही. ठेवायला जागा नाही म्हणून ते कुंडीमागे राहतं, गंजतं, नाहीतर कुणाच्या तरी शेतावर जातं. मी कमिटीला म्हटलं, बागेला कपाट हवंय आणि कपाटाला जागा हवीय, मग अडलंय कुठे?

वहिनींनी एकच अट घातली. ऑइलपेंट लावायचा नाही. "रंग दिला की ते कुणाचंही कपाट दिसेल." त्यांच्या या एका वाक्यामुळे आपण स्टेनकडे वळलो. ऑइलपेंट लाकडावर थर धरतो, खालच्या रेषा बुजतात. स्टेन लाकडात मुरतो. रंग बदलतो, पण रेषा, गाठी, बरणीचा गोल डागसुद्धा थोडाफार दिसत राहतो.

सुतार मिस्त्रींनी आधी लाकूड तपासलं. आतल्या बाजूला थोडं खरवडलं, तर सागवान निघालं. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, म्हणून वाळवी त्याला सहसा लागत नाही. कडेच्या फिकट लाकडाला मात्र ते संरक्षण नसतं. आपल्या कपाटाची मागची फळी हलक्या लाकडाची होती, ती वाळवीने पोखरलेली निघाली. तेवढी बदलली. आजकालचं भुशाच्या बोर्डाचं कपाट मात्र बागेत ठेवायच्या भानगडीत पडू नका. एका पावसात फुगतं.

आतल्या कप्प्यांना कधीकाळी हिरवा रंग दिलेला होता. तिथे मी मिस्त्रींना थांबवलं. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं दर दहा लाख भागांत 90 च्या वर नसावं, हा नियम आपल्याकडे 2016 मध्ये आला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला की धूळ उडते आणि मुलांच्या पोटात जाते. म्हणून तो भाग ओला करून, तोंडाला फडकं नव्हे तर चांगला मास्क लावून, मुलांना लांब ठेवून काढला. खरवड पिशवीत बांधली, बागेच्या मातीत पडू दिली नाही.

बाकी जुनं पॉलिश पूर्ण घासून काढावं लागलं, नाहीतर स्टेन आत शिरत नाही आणि चट्टे पडतात. आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, मग 180, तोही लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. साग तेलकट, म्हणून थिनरच्या फडक्याने पुसून घेतला. कन्नडहून आणलेला स्टेन आधी खालच्या बाजूला लावून पाहिला, कारण डब्यावरचा रंग आणि लाकडावरचा रंग यांची गाठ क्वचितच पडते. फडक्याने लावायचा, थोडं थांबायचं, उरलेला पुसून घ्यायचा. दोन पातळ हात पुरले.

आता एक गैरसमज. स्टेन म्हणजे संरक्षण नव्हे, तो फक्त रंग आहे. पाणी आणि ऊन अडवायला वरून बाहेरच्या वापराचं पॉलियुरेथेन द्यावं लागतं. चपड्याचं पॉलिश घरात शोभतं. बाहेर पाणी लागलं की त्यावर पांढरे डाग येतात. कुणी अळशीचं तेल लावणार असेल तर त्याचे बोळे कोपऱ्यात टाकून ठेवू नका. हे तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. तो पाण्यात भिजवायचा किंवा उघड्यावर पसरून वाळवायचा.

पाणी सगळ्यात जास्त चढतं ते पायांच्या तळातून. म्हणून तळाला तीन हात दिले आणि पाय शहाबादी फरशीच्या तुकड्यांवर ठेवले. माथ्यावर पुढे उतार दिलेला पत्रा, पाठ भिंतीपासून चार बोटं लांब, मागच्या फळीला जाळी लावलेली भोकं. हवा खेळली नाही तर आत बुरशी धरते. खताची पोती आत नाहीत. युरिया ओल ओढतो आणि बिजागऱ्या खातो. कीटकनाशक वरच्या कुलूपबंद कप्प्यात. पेट्रोल अजिबात नाही.

2018 च्या फेब्रुवारीत नारेगावकरांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा संभाजीनगरात चौकाचौकात ढीग साचले होते. आपल्यापैकी काहींची मुलं त्या वेळी तिथे शिकत होती, त्यांनी तो वास अनुभवला आहे. आपण 'फेकलं' म्हणतो ते कुणाच्या तरी दारात जातं, एवढंच मला त्यावरून म्हणायचंय.

खर्च म्हणाल, तर मिस्त्रींची मजुरी, मागची फळी, पत्रा आणि दोन डबे. हिशोब नोटीस बोर्डवर लावलेला आहे, कुणीही पाहावा. कपाटाची किल्ली वॉचमनकडे असते आणि आत दोरीला बांधलेली वही आहे. खुरपं नेलं की नाव लिहायचं, आणलं की सही करायची. बँकवाल्याच्या हातात काम दिलं की वही येणारच! या वर्षी एकही खुरपं विकत घेतलेलं नाही. वहिनी रोज संध्याकाळी तुळशीला पाणी घालायला येतात, झारी तिथूनच घेतात आणि वहीत सही मात्र करत नाहीत. मी काही बोललेलो नाही.

जिन्याखाली अजून एक दिवाण आणि दोन मांडण्या शिल्लक आहेत. ज्यांच्या असतील त्यांनी मे महिन्याच्या आत मला सांगावं. पाऊस सुरू झाला की लाकूड ओल धरतं आणि स्टेन बसत नाही.