‘कुटुंबाबद्दल सांगा’
(शिवाजी पार्क, दादर येथे केलेलं भाषण)

सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा अभ्यास २००७ साली छापून आला. पात्रता सारखी, अर्जावरचं नाव तेवढं वेगळं. तरी मुस्लिम नावांना मुलाखतीची बोलावणी कमी. म्हणून फोन आला नाही तर लगेच स्वतःला दोष देऊ नका.

आला, तर ‘कुटुंबाबद्दल सांगा’ची तयारी करा. पहिल्या मुलाखतीत मी अडखळलो, अब्बांचं शिलाईचं दुकान लपवलं. पुढच्या वेळी आधी इथल्याच कट्ट्यावर मित्रासमोर दहादा बोलून पाहिलं: अब्बा शिंपी आहेत, त्यांच्या हिशेबासाठी मी छोटा प्रोग्राम लिहिला. मुलाखतीत मग अर्धा तास त्या प्रोग्रामबद्दलच प्रश्न!

चला, आता जोड्या करू. उत्तरं इंग्रजीतच हं.