एका आयुष्याहून मोठे ध्येय

(वर्धापन-महोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा पाठ)





पाठशाळेतील विद्यार्थी कोणत्याही शास्त्रग्रंथाचे पहिले पान उघडतो, तेव्हा ग्रंथातील सिद्धांताकडे जाण्यापूर्वी गुरुजी त्याला चार गोष्टींचा विचार करावयास लावतात. हा ग्रंथ कोणासाठी आहे, हा झाला अधिकारी. त्यात काय सांगितले आहे, हा विषय. विषयाचे आणि ग्रंथाचे नाते काय, हा संबंध. आणि हे सारे जाणून अखेर काय साधावयाचे, हे प्रयोजन. या चौघांना मिळून अनुबंधचतुष्टय म्हणतात. दोनशे पानांच्या पोथीसाठी आपल्या पूर्वजांनी एवढी सावधगिरी बाळगली. परंतु साठ-सत्तर वर्षांचे हे जे आयुष्य आपल्या हाती येते, त्याच्या आरंभी हे चार प्रश्न विचारणारे किती निघतील? मुलगा शिकतो, नोकरीस लागतो, घर बांधतो, नातवंडे पाहतो, आणि एखाद्या निवांत सायंकाळी त्याच्या मनात शंका येते की, ‘हे सारे झाले खरे, पण कशासाठी?’ ही शंका नास्तिकाची नव्हे, आळशाचीही नव्हे. प्रयोजन न सांगता ग्रंथ सुरू केला तर मध्येच कोठेतरी वाचकास जो प्रश्न पडावयाचा, तोच हा प्रश्न आहे.

‘ध्येय’ हा शब्द आपण हल्ली फार सैलपणे वापरतो. परीक्षेतील क्रमांक हे ध्येय, बंगला हे ध्येय, पदोन्नती हेही ध्येय! वस्तुतः ध्यै या धातूपासून झालेल्या या शब्दाचा अर्थ ‘ज्याचे ध्यान करावे ते’ असा आहे. जे मिळताच त्याचे चिंतन थांबते, ती इच्छा होय. ती वाईट नव्हे. प्रपंच तिच्यावरच चालतो. पण जे जवळ जावे तसतसे अधिक मोठे दिसू लागते आणि ज्याच्या चिंतनाने चिंतन करणाराच बदलतो, ते ध्येय. हा भेद केवळ शब्दांचा नाही, हे दाखविण्यासाठी पुराणातील कथा न घेता अलीकडच्या काळातील, आपल्याच लोकांनी तडीस नेलेल्या एका कार्याची कथा आज येथे सांगावयाची आहे. ती आहे महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची.

महाभारत भारतवर्षभर पसरले, ते शेकडो लेखकांच्या हातांनी. काश्मीरच्या शारदा लिपीत, नेपाळात, मिथिलेत, वंगदेशात, तेलुगु, ग्रंथ आणि मल्याळम लिप्यांत त्याच्या पोथ्या उतरल्या. प्रत्येक प्रदेशात काही श्लोक वाढले, काही शब्द बदलले. या सर्व पोथ्या समोर ठेवून, उपलब्ध पुराव्यावरून जितका प्राचीन पाठ सिद्ध होईल तितका सिद्ध करावा, ही कल्पना १८९७ साली पॅरिस येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत विंटरनित्झ या पंडिताने मांडली. युरोपातील विद्वत्सभांनी ती हाती घेतली, नमुन्याचा काही मजकूरही छापला. पण पहिले महायुद्ध आले आणि तो उद्योग जागच्या जागी थांबला.

इकडे पुण्यास १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली होती. पुढील वर्षी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या अशा आवृत्तीची सूचना करून एक लक्ष रुपयांचे साहाय्य देऊ केले. दिनांक १ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी महाभारताचा मंगलश्लोक स्वहस्ते लिहून कार्याचा आरंभ केला. त्या वेळी त्यांचे वय एक्क्याऐंशी वर्षांचे होते. आपण आरंभिलेले हे काम आपल्या डोळ्यांदेखत पुरे होणार नाही, हे त्या वृद्ध पंडितास कळत नव्हते असे कोण म्हणेल? तरीही त्यांनी लेखणी उचलली. आपण संध्येच्या वा पूजेच्या आरंभी संकल्प सोडतो, तेव्हा देश आणि काल यांचा उच्चार करून मगच कर्माचे नाव घेतो. ‘केव्हातरी, कोठेतरी’ असा संकल्प शास्त्राला मान्य नाही. भांडारकरांचे ते लेखन म्हणजे असाच, देशकालासह सोडलेला संकल्प होता.

आता अधिकाऱ्याचा प्रश्न. पहिले संपादक नारायण बापूजी उटगीकर यांनी १९२३ साली विराटपर्वाची एक प्राथमिक आवृत्ती सिद्ध केली आणि ती देशोदेशींच्या विद्वानांकडे त्यांची मते मागविण्यासाठी धाडली. आपले अपुरे काम जाणत्यांच्या पुढे ठेवून ‘यातील दोष सांगा’ असे म्हणण्यास मोठे धैर्य लागते. त्यानंतर ऑगस्ट १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर यांनी प्रमुख संपादकाची धुरा घेतली, आणि त्याच महिन्यात भांडारकरांनी देह ठेवला. सुकथनकर तेव्हा अडतीस वर्षांचे होते. केंब्रिज येथे त्यांनी गणिताचे अध्ययन केले होते; संस्कृताकडे ते नंतर वळले आणि बर्लिन येथे ल्यूडर्स यांच्यापाशी शिकले. पुढे पुराणवस्तु-संशोधन खात्यात त्यांनी काम केले. पाहणाऱ्यास ही तीन वेगवेगळ्या दिशांची भ्रमंती वाटली असती. पण गणिताने दिलेली काटेकोर तर्कबुद्धी, व्याकरणाने दिलेली शब्दांची पारख आणि शिलालेखांनी दिलेला लिपींचा परिचय या तिन्ही नद्या महाभारताच्या एकाच समुद्रात येऊन मिळाल्या. ज्या तरुणांना ‘आपली वर्षे वाया गेली’ असे वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवावे. अधिकार जन्मतः सिद्ध नसतो. आणि ध्येय सापडल्यावर पूर्वीचे बहुतेक शिक्षण, जे निरुपयोगी वाटत होते तेदेखील, कामास येते.

विषयाची व्याप्ती ऐकून छाती दडपून जाते. पर्वे अठरा. एकूण तपासलेल्या पोथ्या १२५९. सिद्ध झालेल्या संहितेतील श्लोक सत्तर हजारांहून अधिक. पण एवढे मोठे काम होत होते कसे? एका मोठ्या तक्त्यावर सर्वांत वर प्रचलित पाठातला श्लोक लिहावयाचा. त्याखाली एकेका पोथीसाठी ओळ आखावयाची. आणि त्या पोथीत जे अक्षर निराळे असेल तेवढेच त्या ओळीत नोंदवावयाचे. प्रत्येक श्लोकासाठी निदान दहा पोथ्या पाहिल्यावाचून पुढे जावयाचे नाही, असा दंडक होता. एकट्या आदिपर्वासाठी साठ पोथ्यांचा उपयोग केला गेला. पुण्याबाहेर शांतिनिकेतनात आणि भोसले राजांनी वाढविलेल्या तंजावरच्या सरस्वती महालातही पाठ ताडून पाहण्याचे काम चाले. ध्येय पर्वताएवढे होते. पण रोजचे काम एका श्लोकाएवढे होते. मोठ्या ध्येयाचे रहस्य येथेच आहे. ज्याला नुसता पर्वत दिसतो तो भिऊन बसतो. ज्याला नुसता श्लोक दिसतो तो कंटाळतो. श्लोकावर बोट आणि पर्वतावर दृष्टी ठेवणाराच पुढे जातो. म्हणूनच सुकथनकरांनी सारे पूर्ण होण्याची वाट पाहिली नाही. १९२७ साली आदिपर्वाचा पहिला भाग छापून आला आणि १९३३ साली ते पर्व पुरे झाले.

चौघांपैकी संबंध हा अनुबंध सर्वांत नाजूक आहे. आपल्या ध्येयाशी आपला संबंध कोणता? धन्याचा, की सेवकाचा? या आवृत्तीने एक कठीण कसोटी उभी केली. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे, ही कथा आपल्या घरोघरी मुलांना सांगितली जाते. परंतु पोथ्यांच्या साक्षीवरून ती मूळ संहितेत बसेना, म्हणून तिला परिशिष्टात स्थान मिळाले. सभापर्वाचे संपादन एजर्टन या अमेरिकन पंडिताने केले. द्रौपदीने भर सभेत श्रीकृष्णाचा धावा केला, हा अत्यंत हृद्य भागही तेथे मुख्य संहितेबाहेर ठेवावा लागला. कित्येक श्रद्धाळूंना याचा खेद झाला, आणि तो स्वाभाविक होता. कोणास असेही वाटले असेल की, ही श्रद्धेवर कुऱ्हाड आहे.

पण येथे दोन गोष्टी नीट पाहिल्या पाहिजेत. पहिली ही की, वगळलेली एकही ओळ नष्ट केली गेली नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत ती कोणत्या पोथीत आहे, कोणत्या पोथीत नाही, यासह सर्व काही जपून ठेवलेले आहे. पिढ्यान्‌पिढ्यांनी भक्तिभावाने जे जोडले तेही टिकले, आणि ते जोडलेले आहे हे सत्यही टिकले. द्रौपदीची हाक भक्तांच्या कीर्तनात होती तशीच आजही आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या संपादकांनाही त्या कथा बाळपणापासून प्रिय असणारच. तरी आपल्या आवडीचे पारडे त्यांनी जड होऊ दिले नाही. ध्येयापुढे ‘मला जे बरे वाटते’ ते मागे सारता येणे, हेच सेवकाचे लक्षण. आपल्या मठात ज्याला आपण अहंकाराचा त्याग म्हणतो, तो केवळ ध्यानाच्या आसनावरच घडतो असे नाही. तो लेखनिकाच्या बैठकीवरही घडू शकतो.

अशा निष्ठेला कधी कधी अकल्पित साक्ष मिळते. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्यामुळे त्या पर्वाची एक फार जुनी पोथी प्रकाशात आली. संपादनाच्या वेळी ती कोणीच पाहिलेली नव्हती. ती ताडून पाहता सुकथनकरांनी केवळ तर्काने आणि पुराव्याने निवडलेल्या अनेक पाठांना तिने दुजोरा दिला.

आता प्रयोजन. १९४२ साली आरण्यकपर्व पुरे झाले. मुंबई विद्यापीठातर्फे महाभारताच्या अर्थावर सुकथनकरांची चार व्याख्याने योजली होती. आयुष्यभर अक्षरे तपासणारा हा पुरुष आता त्या अक्षरांमागचा अर्थ सांगणार होता. तीन व्याख्याने झाली. चौथे व्हावयाचे राहिले. २१ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. ती व्याख्याने ग्रंथरूपाने निघाली, तीही १९५७ साली. अठरा पर्वांपैकी त्यांच्या हयातीत चारच पूर्ण झाली होती. लौकिक हिशेबाने पाहिले तर हा माणूस अपयशी ठरावा! पण तसे कोणीही म्हणत नाही. कारण त्यांनी पर्वे सिद्ध केली त्याचबरोबर पद्धत सिद्ध केली, आणि ती इतकी स्वच्छ लिहून ठेवली की दुसऱ्याने तेथूनच सूत पुढे ओढावे. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी १९६१ पर्यंत ती धुरा वाहिली. त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ती घेतली. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत त्या कार्याच्या पूर्तीची घोषणा झाली. आरंभापासून सत्तेचाळीस वर्षे लोटली होती. ज्यांनी मंगलश्लोक लिहिला ते नव्हते. ज्यांनी मार्ग आखला ते नव्हते. कार्य मात्र उभे होते. त्याच रीतीने वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची आवृत्ती हाती घेतली आणि १९७५ साली पूर्ण केली. एक दिवा असा दुसऱ्यास उजळतो.

सज्जनहो, यावर कोणी म्हणेल, ‘ही थोरांची गोष्ट झाली. आम्ही दुकान चालविणारी, कचेरीत जाणारी, चूल सांभाळणारी माणसे. आम्हांस कसले महाभारत?’ याचे उत्तर त्या पोथ्यांतच आहे. शेकडो वर्षांपूर्वी कोणा अनामिक लेखकाने मिणमिणत्या दिव्याजवळ बसून ताडपत्रावर वा भूर्जपत्रावर अक्षरे उतरविली नसती, तर सुकथनकरांपुढे तपासावयास काय उरले असते? कित्येक घरांतील गृहिणींनी देव्हाऱ्याशेजारचे ते रुमालातील दप्तर पिढ्यान्‌पिढ्या वाळवीपासून आणि पावसापासून जपले नसते, तर त्या पोथ्या कोठून आल्या असत्या? संबंध महाभारत पेलण्याचा अधिकार एखाद्यालाच असतो. त्यातील एक पान जपण्याचा अधिकार सर्वांनाच असतो. मोठ्या ध्येयाचा छोटा वाटा हा छोट्या ध्येयापेक्षा नेहमीच मोठा असतो.

तेव्हा ज्या मातापित्यांनी आपला मुलगा पाठशाळेत घातला आहे आणि ज्यांना शेजारीपाजारी विचारतात, ‘हे शिकून पुढे काय?’ त्यांनी या प्रश्नाने खिन्न होऊ नये, आणि रागावूही नये. प्रश्न योग्यच आहे. पोटाचा विचार टाकून दिल्याने कोणी थोर होत नाही. औंधच्या अधिपतींचे ते लक्ष रुपये मिळाले नसते, तर मंगलश्लोकापुढे लेखणी कितपत चालली असती? मात्र ‘पुढे काय मिळेल?’ या प्रश्नाशेजारी ‘पुढे काय द्यावयाचे?’ हा दुसरा प्रश्नही मुलास विचारावा. पहिल्याचे उत्तर बाजार देतो आणि ते दर दहा वर्षांनी बदलते. दुसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याने शोधावयाचे असते, आणि ते एकदा सापडले की आयुष्यभर पुरते.

मठाचा वर्धापनदिन आपण साजरा करतो, तोही याचसाठी. ज्या हातांनी येथील पहिला दगड बसविला त्यांनी आजची ही सभा पाहिलेली नाही. त्यांनी संकल्प सोडला. आपण त्याचे फळ भोगीत आहोत. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने रात्री देवापुढील समईची ज्योत शांत होण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःस विचारावेत: माझा अधिकार कोणता, माझा विषय कोणता, त्याच्याशी माझा संबंध कोणता, आणि प्रयोजन काय? उत्तर लगेच येणार नाही. न आले तरी चिंता नको. प्रश्न मात्र विझू देऊ नये. आणि ज्याला उत्तर मिळेल, त्याने शुभ मुहूर्ताची वाट न पाहता उद्याच्या दिवसाचा एक श्लोक हाती घ्यावा.

॥ शुभं भवतु ॥