जहाजांचा हिशेब खळ्यावर मांडू या

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा लेखी मसुदा. गावोगावच्या बैठकांत वाचून दाखवावा.)



आज मी तुमच्यासमोर जहाजांविषयी बोलणार आहे. तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, आमच्या बैलाने समुद्र पाहिला नाही, आम्ही पाहिला नाही, आम्हाला जहाजांचे काय? पण आपल्या देशाचा परदेशांशी जो व्यापार चालतो, त्यातला वजनाने सुमारे ९५ टक्के आणि किमतीने सुमारे ७० टक्के माल समुद्रातून जातो-येतो. तुमच्या खळ्यावरचा भाव बाजार समितीच्या ओट्यावर पुकारला जातो हे खरे. पण त्याचा मोठा हिस्सा न्हावा-शेवा आणि कांडल्याच्या धक्क्यावर ठरतो. तेव्हा तिथला हिशेब आपल्यालाही वाचता आला पाहिजे.

टनांना भुलू नका

दरवर्षी एप्रिल उजाडला की वर्तमानपत्रात बातमी येते, देशाच्या बंदरांत यंदा विक्रमी माल हाताळला. बातमी खोटी नसते. केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या प्रमुख बंदरांनी २०२०-२१ या करोनाच्या वर्षात सुमारे ६७ कोटी टन माल हाताळला. २०२२-२३ मध्ये तो ७८ कोटींवर गेला, २०२३-२४ मध्ये ८२ कोटींच्या जवळ आणि २०२४-२५ मध्ये ८५ कोटींच्या पुढे. पण या टनांत सर्वांत मोठा वाटा खनिज तेलाचा, कोळशाचा आणि खनिजांचा आहे. शिवाय आलेला माल आणि गेलेला माल एकाच बेरजेत धरलेला असतो. घरात आलेले पोते आणि घरातून गेलेले पोते यांची बेरीज करून कुणी म्हणाला, "यंदा आमची भरभराट झाली," तर आपण हसू. म्हणून पहिला धडा असा, की टनांच्या बेरजेवरून शेतकऱ्याला काहीच कळत नाही. काय आले, काय गेले आणि केव्हा, हे वेगवेगळे पाहावे लागते.

आता फक्त शेतीमालाचा हिशेब घ्या. २०१३-१४ या वर्षी देशाची शेतीमालाची निर्यात सुमारे ४३ अब्ज डॉलर होती आणि आयात साडेपंधरा अब्ज. म्हणजे देशाच्या पदरात साडेसत्तावीस अब्ज डॉलर शिल्लक टाकली ती शेतीने. २०२४-२५ मध्ये निर्यात ५२ अब्जांच्या जवळ आली, पण आयात साडेअडतीस अब्जांवर गेली. शिल्लक उरली साडेतेरा अब्जांच्या आसपास. अकरा वर्षांत निर्यात जेमतेम वीस टक्क्यांनी वाढली, आयात अडीच पट झाली आणि शिल्लक निम्मी झाली. मधल्या वर्षांत निर्यातीची रेघ कशी चालली तेही पाहा. २०२२-२३ मध्ये ती ५३ अब्जांवर चढली आणि लगेच पुढच्या वर्षी ४९ अब्जांच्याही खाली घसरली. आयातीची रेघ डोंगर चढणाऱ्या बैलगाडीसारखी, मधे थोडी थांबते पण वरच जाते. निर्यातीची रेघ मात्र दाव्याला बांधलेल्या वासरासारखी, चार पावले पुढे गेली की हिसका बसून मागे येते.

हा हिसका देतो कोण?

कांद्याचे वर्ष कुठे कापले गेले

वर्ष म्हटले तरी कोणते, हे आधी विचारले पाहिजे. सरकारचे वर्ष एप्रिल ते मार्च. साखरेचे आणि कापसाचे ऑक्टोबर ते सप्टेंबर. खाद्यतेलाचा व्यापार नोव्हेंबर ते ऑक्टोबर मोजतो. आणि शेतकऱ्याचे वर्ष पेरणीपासून पट्टी हातात पडेपर्यंत. एका वर्षाच्या आकड्यात दुसऱ्याचे दुखणे सहज दडपले जाते.

कांद्याचे पाहा. २०२२-२३ मध्ये देशातून २५ लाख टनांहून अधिक कांदा बाहेर गेला. २०२३-२४ मध्ये १७ लाख १७ हजार टन. कार्यालयात बसून हा आकडा पाहणारा म्हणेल, थोडी घट झाली, पण निर्यात चालू होती की! आता तारखा लावून पाहा. १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के निर्यात शुल्क आले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लागले. ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी आली. ती ३१ मार्चपर्यंत म्हणून सांगितली होती, मार्चमध्ये पुढे ढकलली आणि ४ मे २०२४ रोजी उठवली, तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. म्हणजे १७ लाख टनांतला जवळजवळ सगळा कांदा पहिल्या आठ महिन्यांत गेलेला होता. शेवटच्या चार महिन्यांत दार बंद होते.

आणि ते चार महिने कोणाचे? लाल कांद्याचे आणि रांगड्याचे. हा कांदा चाळीत टिकत नाही. उन्हाळ कांदा चार-पाच महिने झाकून ठेवता येतो, लाल कांदा काढला की विकावाच लागतो. त्या डिसेंबरात माझा ट्रॅक्टर बाजार समितीच्या दारात उभा होता. सकाळी लिलाव सुरूच झाला नाही. नंतर सुरू झाला तेव्हा क्विंटलमागे हजार-पंधराशे रुपये निघून गेले होते. कांदा तोच, माती तीच, मजुरी दिलेली तीच. मधे फक्त एक अधिसूचना निघाली होती.

आता खरे ते खरे म्हणू. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. कांद्याचे उत्पादन आदल्या वर्षीच्या ३०२ लाख टनांवरून २४२ लाख टनांवर आले. म्हणजे माल कमी होता, तेव्हा निर्यात थोडी उतरलीच असती. पण पुढचे वर्ष पाहा. २०२४-२५ मध्ये उत्पादन पुन्हा तीनशे लाख टनांच्या वर अंदाजले गेले आणि निर्यात मात्र वाढण्याऐवजी साडेअकरा लाखांच्या आसपास आली! १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान मूल्य काढून शुल्क २० टक्क्यांवर आणले, १ एप्रिल २०२५ रोजी तेही काढले. दार हळूहळू उघडले, पण गिऱ्हाईक दारात थांबून राहिले नव्हते. पाकिस्तानचा, चीनचा, इजिप्तचा कांदा आपल्या जागेवर जाऊन बसला. दुकानदाराने सणाच्या दिवशी दुकान बंद ठेवले की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते आणि तिथलेच होऊन जाते. २०१९ आणि २०२० या दोन्ही वर्षांच्या सप्टेंबरमध्येही अशीच कांदाबंदी आली होती. वारंवार शब्द फिरवणाऱ्याशी वर्षाचा करार कोण करील?

कांदा एकटा नाही. गहू २०२१-२२ मध्ये ७० लाख टनांच्या वर गेला आणि १३ मे २०२२ रोजी त्याचे दार बंद झाले. बिगरबासमती पांढऱ्या तांदळाचे २० जुलै २०२३ रोजी. साखर २०२१-२२ च्या हंगामात सुमारे ११० लाख टन गेली, २०२३-२४ च्या हंगामात निर्यातीला परवानगीच नव्हती आणि २०२५ च्या जानेवारीत १० लाख टनांपुरती मिळाली.

येणाऱ्या जहाजाला मात्र हिरवा कंदील

आता धक्क्याच्या दुसऱ्या बाजूला चला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खाद्यतेलात देश जवळजवळ आपल्या पायावर उभा होता. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि पुढच्या चार वर्षांत शुल्क ६५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले. आज देशाला लागणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. दरवर्षी दीड कोटी टनांहून जास्त. इंडोनेशिया-मलेशियाचे पामतेल, अर्जेंटिना-ब्राझीलचे सोयातेल, रशिया-युक्रेनचे सूर्यफूल तेल.

सोयाबीनचा एक प्रसंग तुम्हाला आठवत असेल. २०२१ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा भाव गाठला होता. त्याच महिन्याच्या अखेरीस १२ लाख टन सोयापेंड आयात करण्याची मुभा दिली गेली आणि समुद्रमार्गे ती उतरवायला नेमलेले बंदर होते आपले न्हावा-शेवा. नवे पीक खळ्यावर आले तेव्हा, ऑक्टोबरात, भाव पाच हजारांच्या घरात होता. भावाला नवे पीक थोडे उतरवतेच. पण पेरणी केली तेव्हा शेतकऱ्याला या जहाजांची कल्पना कुणी दिली होती का?

१४ सप्टेंबर २०२४ रोजी कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केले. तरी त्या हंगामात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले गेले. कारण सोयाबीनमध्ये तेल अठरा टक्के आणि बाकी बहुतेक पेंड. जगात पेंडीला उठाव नव्हता. मग ३० मे २०२५ रोजी, पेरणीच्या तोंडावर, ते शुल्क पुन्हा १० टक्क्यांवर आणले.

कापसाची कथा याहून बोलकी आहे. २०११-१२ च्या हंगामात आपण सव्वाशे लाखांहून अधिक गाठी बाहेर पाठवल्या. त्याही वर्षी मार्चमध्ये मधेच बंदी घालून काही दिवसांत ती मागे घ्यावी लागली होती. २०२४-२५ च्या हंगामात बाहेर गेल्या वीस लाखांच्या आत आणि आत आल्या सुमारे चाळीस लाख. विकणारा देश विकत घेणारा झाला! यात बोंडअळीचा आणि जुन्या पडलेल्या बियाण्याचा दोष मोठा आहे. २०१३-१४ मध्ये ३९८ लाख गाठी पिकवणारा देश तीनशे लाखांच्या आसपास आला आहे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, तेही आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. आपला कापूस वेचून बाजारात येतो तो याच महिन्यांत.

शहरातल्या भावाला काय सांगायचे?

कुणी म्हणेल, गरिबाच्या ताटातला कांदा महाग झाला तर सरकारने बघत बसायचे का? हा प्रश्न टाळू नका. गरिबाला मदत करायची तर सरकारी तिजोरीतून करावी, ती संबंध देशाची आहे. आज ती मदत एकट्या कांदेवाल्याच्या पट्टीतून कापली जाते आणि तिची पावतीही मिळत नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, हिच्या अभ्यासात २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार सरासरी उणे १४ टक्के निघाला. खते, वीज, सगळी अनुदाने जमेला धरून उणे! दिले त्यापेक्षा भाव पाडून घेतले ते जास्त.

सगळाच दोष अधिसूचनांचा नाही, हेही मान्य करू. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी आपली द्राक्षे आफ्रिकेला वळसा घालून, दहा-बारा दिवस जास्त प्रवास करून गेली. भाडे वाढले, माल उतरला तेव्हा त्याची रया गेलेली. असा धोका व्यापारात असतोच, तो आपण सोसतो. परंतु समुद्रातल्या वादळाची भीती बाळगायची, की आपल्याच राजधानीतून उठणाऱ्या वादळाची?

तीन कामे

म्हणून गावागावात तीन कामे करू या.

पहिले, एक वही घाला. आयात-निर्यातीचा कोणताही निर्णय निघाला की त्याची तारीख, आदल्या दिवसाचा आपल्या बाजारातला भाव आणि आठ दिवसांनंतरचा भाव लिहा. सोबत पट्ट्या जपून ठेवा. वर्षाच्या आकड्यात जे लपते ते या वहीत दिसेल.

दुसरे, मागणी एकच करा. पेरणीपूर्वी आयात-निर्यातीचे जे धोरण असेल ते जाहीर करा, आणि पट्टी हातात पडेपर्यंत त्याला हात लावू नका. मोडायचेच असेल तर त्या दिवशीच्या भावातला फरक तिजोरीतून भरून द्या.

तिसरे, पुढच्या एप्रिलमध्ये विक्रमी टनांची बातमी आली की ती चावडीवर वाचा आणि विचारा, यातले आमचे गेले किती, आमच्या मालावर येऊन पडले किती आणि कोणत्या महिन्यात?

आपण अनुदान मागायला उभे नाही. आपला माल धक्क्यापर्यंत नेण्याची ताकद आपल्यात आहे. धक्क्यावरचा अडसर तेवढा काढा, एवढेच सांगायला उभे आहोत.