दम संपत नाही, उधळला जातो

राजूरहून बोलतोय. मागे पत्र्यावर पावसाचा आवाज येत राहील, तो काही मला बंद करता येत नाही. आवणीचे दिवस आहेत, मैदानात पाय रुततोय, त्यामुळे पोरं सध्या पहाटे भंडारदऱ्याच्या रस्त्याला पळतात आणि मला बोलायला थोडी सवड आहे.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे, "सर, शेवटच्या राऊंडला दम पुरत नाही, काय करू?" आता यावर व्यायाम सांगता येतो, खाणंपिणं सांगता येतं. पण मला मैदानावर जे दिसतं ते वेगळंच आहे. यातल्या बऱ्याच पोरांना दम भरपूर असतो. इथली पोरं आहेत ही, डोंगर चढून शाळेत गेलेली. त्यांना दम कमी नाही, तो किती खर्च झाला हे आतून कळत नाही. खिशात किती पैसे आहेत ते न बघता बाजारात शिरावं, तसं होतं.

हिशेब करून बघू. मुलांची धाव १६०० मीटर, त्याला २० गुण. ५ मिनिटं १० सेकंदांत आलात तर पूर्ण गुण. म्हणजे ३१० सेकंद, ४०० मीटरचे चार राऊंड, एका राऊंडला साधारण साडेसत्त्याहत्तर सेकंद. आमच्या एका पोराचे राऊंड मी लिहून ठेवले होते : ६५, ७८, ९०, ९२. एकूण ५ मिनिटं २५ सेकंद. पहिल्या राऊंडला गडी सगळ्यांच्या पुढे, बघणारे टाळ्या वाजवतायत, आणि तिसऱ्याला त्याच्या पायांत शिसं ओतल्यासारखं. त्याला विचारलं, "पहिला राऊंड कसा गेला?" म्हणाला, "एकदम मस्त, काहीच वाटलं नाही."

हे "काहीच वाटलं नाही" फार महागात पडतं. जोरात सुटल्यावर पहिली तीस-चाळीस सेकंद शरीर उधारीवर चालतं. स्नायूंमध्ये साठवलेली ताकद वापरली जाते, श्वास आणि हृदय मागून येऊन पकडतात. त्यामुळे चुकीचा वेगही सुरुवातीला हलका लागतो. खूण येते, पण बारीक येते. ती ऐकायला शिकावं लागतं.

मी काय करतो सांगतो. घड्याळ माझ्याकडे. पोरानं राऊंड पूर्ण केला की आधी त्यानं सांगायचं, किती सेकंद लागले असतील. मग मी आकडा सांगतो. बस, एवढंच. सुरुवातीला पंधरा-पंधरा सेकंदांनी चुकतात. हसतात एकमेकांना. पण पाच-सहा आठवडे हे केलं की अंदाज दोन-तीन सेकंदांवर येतो. त्या ६५वाल्याचे पुढे राऊंड आले ७९, ७९, ८०, ७६. एकूण ५ मिनिटं १४. अकरा सेकंद वाचले, आणि पळण्याचे किलोमीटर मी वाढवले नव्हते.

दुसरी एक मोजपट्टी, तिला पैसे लागत नाहीत. पळताना बोलून बघायचं. गप्पा मारता येतात, तो एक वेग. वाक्य तोडून तोडून बोलावं लागतं, तो दुसरा. एकच शब्द निघतो, तो तिसरा. आणि शब्दच निघत नाही, तो चौथा. आठवड्यातलं बरंचसं पळणं पहिल्या वेगात व्हायला हवं. आमची पोरं रोज तिसऱ्यात पळतात आणि महिन्याभरात नडगी धरून बसतात. गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं ६ ते २० अशी एक पट्टी केली होती, आपल्याला किती कष्ट होतायत ते आपणच आकड्यात सांगायचं. ६ पासून का? तर तरुण, निरोगी माणसानं सांगितलेल्या आकड्याला दहानं गुणलं की साधारण नाडीचे ठोके येतात. म्हणजे माणसाला आतलं कळतं, आणि बऱ्यापैकी बरोबर कळतं. आता मनगटावर घड्याळं आली आहेत, ठोके दाखवणारी. वाईट नाहीत. पण भरतीच्या मैदानात तुमच्या मदतीला ते घड्याळ असेलच असं धरून चालू नका.

आता एक गोष्ट मला जरा सावकाश सांगायची आहे. आपल्या भाषेत अंगाच्या आतलं सांगायला किती शब्द आहेत बघा. ठणका, कळ, चमक, रग, ओढ, पेटका, मुंग्या, अवघडलेपण, कणकण, धडधड, धाप. आपल्या आज्या हे शब्द अचूक वापरायच्या. दाढ ठणकते, पाठीत चमक भरते, मांड्यांना रग लागते. एकाच्या जागी दुसरा बसत नाही. आणि आमचं पोरगं मैदानावर काय म्हणतं? "सर, पाय दुखतोय." संपलं. मी विचारतो, कसा दुखतोय? तर म्हणे, "दुखतोय म्हणजे दुखतोय."

म्हणून मी शब्द शिकवतो. खरोखर, खडू घेऊन फळ्यावर लिहितो. रग म्हणजे दोन्ही मांड्यांत सारखी, पसरलेली, काम केल्याची. ती चालेल, दुसऱ्या दिवशी हलकं पळा. चमक म्हणजे एका जागी, एकदम, सुरी लागल्यासारखी. तिथंच थांबायचं, पुढचं पाऊल नाही. नडगीवर बोट ठेवलं की एकाच ठिकाणी ठणकतं आणि रात्रीही ठणकतं, तर डॉक्टरला दाखवायचं, हाडाला बारीक तडा असू शकतो. शब्द आला की फरक कळतो, आणि फरक कळला की पोरगं योग्य वेळी थांबतं.

मुलींच्या बाबतीत हे जास्त अवघड आहे. पाळीच्या दिवसांत पोटात ओढ असते, ते पुरुष सरांना कोण सांगणार? आमच्याकडे त्यासाठी एक ताई असतात, तुमच्याकडेही कोणी बाई असायलाच हव्यात. आणि दुसरं, रक्त कमी असणं. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, हे सरकारच्या पाहणीतलं आहे. ज्या चढाला मागच्या वर्षी काही वाटत नव्हतं त्या चढाला धाप लागते, पायऱ्या चढताना छाती धडधडते, ही आतून आलेली खबर असते. घरात तिला आळशी म्हणतात, मैदानावर कामचोर. ग्रामीण रुग्णालयात जाऊन हिमोग्लोबिन तपासा, मग आळसाचं बघू.

आणि ही खबर दाबली तर काय होतं? जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावेनंतर उमेदवारांचे मृत्यू झाले. तरणीताठी पोरं. त्यानंतर अंतर कमी केलं गेलं. उन्हाळ्याची भरती, गावाहून रात्रभर प्रवास, पोटात अन्न नाही, आणि मनात एकच, थांबलो तर वर्ष गेलं. मी त्या पोरांना दोष देणार नाही. पण माझ्या प्रत्येक पोराला या खुणा पाठ आहेत. उन्हात पळताना अंगावर थंडीसारखा काटा येणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीवर दाब, बोलणं भरकटणं. यातलं काहीही झालं तर बसायचं. सावलीत, अंगावर पाणी, आणि माणसाला हाक. आपल्यात "मेलो तरी चालेल पण पळणार" असं म्हणणाऱ्याचं कौतुक होतं, ते मला अजिबात पटत नाही.

कबड्डीवाले म्हणतील, आमचं काय? अहो, तुमचा तर सगळा खेळच यावर आहे. चढाईचा दम एका श्वासात घुमवायचा आणि श्वास सुटायच्या आत मध्यरेषा गाठायची. श्वास रोखल्यावर छातीत जी पहिली तडफड होते ना, ती हवा संपल्याची नसते. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की ती होते, प्राणवायू तेव्हा शिल्लक असतो. नवा चढाईपटू पहिल्या तडफडीलाच मागे फिरतो. मुरलेला तिला ओळखतो, "आली का, बरं, अजून चार पावलं आहेत" म्हणतो आणि कोपरा रक्षकाला खेळवतो. मात्र हे कोरड्या जमिनीवर, माणसं भोवती असताना शिका. पाण्याखाली श्वास रोखायच्या पैजा नकोत. धरण आणि प्रवरा जवळ आहे म्हणून मुद्दाम सांगतोय, पाण्यात बेशुद्ध झालेला माणूस ओरडत नाही.

नेमबाजीत तर हे आणखी बारीक होतं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, ४५१.४ गुण. त्या लक्ष्यावर १० गुणांचं वर्तुळ साधारण एक सेंटिमीटर व्यासाचं असतं, आणि ते ५० मीटरवर. झोपून नेम धरताना दंडाला पट्टा आवळलेला असतो, त्यातून नाडीचा ठोका बंदुकीपर्यंत पोचतो, नेम ठोक्यागणिक हलतो. श्वास सोडून थांबायचं, ठोका जाणवू द्यायचा आणि चाप हळूच ओढायचा. हृदय बंद करता येत नाही, त्याच्याशी जमवून घ्यावं लागतं.

दादरला शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. तिथं उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलामुलींना मल्लखांब शिकवला. त्यांना २०२४ ला पद्मश्री मिळाली. डोळ्यांनी बघून नक्कल करायची सोय नाही, तरी पोर खांबावर उलटं होतं. आपला पाय कुठे आहे, पकड किती घट्ट आहे, हे स्नायू, सांधे आणि कातडी सांगते. तुम्ही आत्ता डोळे मिटून एका पायावर उभे राहा, घोट्याजवळचे स्नायू कसे सारखे काम करतायत ते कळेल. हे छाती-पोटातल्या जाणिवेहून जरा वेगळं खातं आहे, पण खेळाडूला दोन्ही लागतात.

इथं एक धोका आहे, आणि तो सांगितला नाही तर माझं बोलणं अर्धवट राहील. अंगाकडे लक्ष द्या म्हटलं की काही पोरं पळताना प्रत्येक पाऊल तपासायला लागतात. गुडघा किती वर, टाच कुठे, हात कसा. आणि चाल बिघडते. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये बर्फावरच्या स्कीसारखं एक यंत्र घेऊन शिकणाऱ्यांवर प्रयोग केला. आपल्या पायांवर लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा पायाखालच्या चाकांवर जोर देण्याकडे लक्ष ठेवणारे चांगले शिकले. पुढे अनेक खेळांत असंच दिसलं. मग मी इतका वेळ सांगतोय ते खोटं का? नाही. अंगाचं ऐकणं वेगळं आणि अंगाला हुकूम सोडणं वेगळं. श्वास कसा चाललाय हे कळून घ्या, पण श्वास असा घे, तसा सोड म्हणून त्याच्या मागे लागू नका. पळताना नजर पुढच्याच्या पाठीवर, आणि राऊंडात एक-दोनदा आत डोकावून यायचं. बैल चालत असतो, गाडीवान सारखा कासरा ओढत बसत नाही.

प्रशिक्षकांनाही सांगतो. मैदानाच्या कडेनं "गुडघा वर, गुडघा वर" ओरडणं सोपं असतं. त्यापेक्षा धाव संपल्यावर विचारा, "कुठल्या राऊंडला जड झालं?" पोरगं पहिले काही दिवस तुमच्या तोंडाकडे बघेल, तुम्हाला कुठलं उत्तर हवंय ते शोधेल. थांबा जरा. त्याला कुणी असं विचारलेलंच नसतं.

भरतीच्या सकाळचं एक सांगून थांबतो. रांगेत उभं असताना छाती धडधडते, तळवे ओले होतात, लघवीला सारखं जावंसं वाटतं. मुलं मला फोनवर सांगतात, "सर, आजच दमल्यासारखं झालंय." दमलेलं नसतं ते. शरीर पळायला तयार होतंय, त्याची ती धडधड. थकव्याची धडधड उभं राहून श्वास घेतल्यावर उतरते, ही शिट्टी वाजेपर्यंत उतरत नाही आणि पहिल्या शंभर मीटरमध्ये कुठे जाते कळतही नाही. तेवढे शंभर मीटर हात आखडून जाऊ द्या, पुढे गेलेले तिसऱ्या राऊंडला भेटतील.

मुलींच्या ८०० मीटरबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. दोनच राऊंड असल्यामुळे तिथलं गणित वेगळं आहे, ते पुढच्या भागात घेऊ. पाऊस वाढलाय, पोरं परत येतायत.