सेवेची सोपी भाषा



एखाद्या धर्माची ओळख त्याच्या ग्रंथांवरून करून घ्यावी की त्या धर्माने जगणाऱ्या माणसांवरून, हा जुना वाद आहे. मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो. ख्रिस्ती धर्मशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण शेजाऱ्याच्या घरातली पोथी वाचलेली नसली, तरी त्याच्या अंगणात दिवा कोणासाठी लावला जातो, हे आपल्याला दिसतेच. आज मी अशाच एका अंगणाविषयी बोलणार आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव नावाचे स्टेशन आहे. तिथे पंडिता रमाबाईंनी 'मुक्ती' उभारली.

रमाबाईंची विद्वत्ता आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यांचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवण्याचे धाडस केले आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत होते. पुढे दुष्काळ आला. दान देणारे हात थांबले. आई, वडील आणि मोठी बहीण अन्नावाचून गेली. मागे उरलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास पायी देश तुडवत 1878 मध्ये कोलकात्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पाठोपाठ भाऊ गेला. विवाह झाला, तोही जातीबाहेर. पण दोन वर्षांच्या आत पतीही पटकीने गेले. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती.

हा सगळा इतिहास मी भरभर सांगतो आहे, कारण मला ज्या प्रसंगापाशी थांबायचे आहे, तो पुढचा आहे.

1883 मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. तेथील भगिनींचे लंडनजवळच्या फुलहॅम भागात एक काम चालत असे. समाजाने 'वाईट चालीच्या' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळे. रमाबाईंनी हे काम पाहिले. चांगल्या घरच्या, शिकलेल्या बाया या स्त्रियांना शिवत होत्या, त्यांची शुश्रूषा करत होत्या, त्यांच्याशी प्रेमाने बोलत होत्या. अशा स्त्रीबद्दल दया करावी, असे रमाबाईंना त्यांच्या तोंडपाठ असलेल्या हजारो श्लोकांत कुठे आढळले नव्हते. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. रमाबाईंनी स्वतःच पुढे 1907 मध्ये हा प्रसंग लिहून ठेवला आहे. म्हणजे आधी त्यांना सेवा दिसली आणि त्या सेवेच्या मागे असलेली गोष्ट त्यांनी नंतर ऐकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी आपली बुद्धी कोणाच्या हवाली केली नाही. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचे वाद झाले, धर्मगुरूंच्या आज्ञा त्यांनी निमूटपणे पाळल्या नाहीत. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला हवीत, असा त्यांचा प्रश्न होता. ती भाषा ना मला येते, ना माझ्या लोकांना. त्यापेक्षा संस्कृत शब्द का नकोत, असे त्यांनी कळवले होते. ही संस्कृतची गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे मला परत यायचे आहे.

अमेरिकेतून पैसा आणि माणसे जोडून त्या परतल्या. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. तिथे 1893 मध्ये वादळ उठले. मुली प्रार्थनेच्या वेळी रमाबाईंच्या खोलीत येऊन बसतात, मग हे शिक्षण की धर्मांतर, असा सवाल झाला. 'केसरी'ने टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे एवढेच होते, की मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्या खोलीचे दारही लावून घेणार नाही.

हा प्रश्न आजही संपलेला नाही. सेवा म्हटले की पाठोपाठ संशय येतो. मी या दोन्ही बाजूंच्या बाहेरचा आहे, म्हणून मला जे दिसते ते सांगतो. केडगावचे सारे वातावरण ख्रिस्ती होते आणि तिथल्या बहुसंख्य मुली ख्रिस्ती झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. दहा वर्षांच्या भुकेल्या पोरीला जो हात भाकरी देतो, त्या हाताचा देव तिला आपला वाटणारच. तिची निवड कितपत मोकळी होती, हा प्रश्न विचारणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. पण त्याच शारदा सदनातली गोदूबाई ही तरुण विधवा 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाली. ती हिंदूच राहिली. पुढे 1896 मध्ये कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला आणि बाया कर्वे त्यासाठी वणवण फिरून वर्गणी गोळा करू लागल्या. सेवेबद्दल शंका असेल, तर तिला द्यायचे खरे उत्तर हेच. आपणही एक दार उघडायचे.

1896 मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. लहानपणी भूक जवळून पाहिलेल्या रमाबाईंना तिकडे जायचा धीर होत नव्हता. जुन्या आठवणींनी पाय अडत होते. तरी त्या गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींना ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा केडगावच्या माळावर त्यांनी आधीच घेतलेली जमीन उपयोगी पडली. विहिरी खणल्या, झोपड्या उभ्या राहिल्या. 1900 च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार हा आकडा बोलायला सोपा आहे. रोज दोन हजार तोंडांना भाकरी, अंगावर लुगडे, खरजेला औषध, उवांनी भरलेली डोकी. त्यातल्या कित्येकींना भूक इतकी सोसावी लागली होती, की ताटात अन्न आले तरी उद्या ते येईल यावर विश्वास बसत नव्हता. रमाबाईंनी नुसते जेवू घातले नाही. माग आले, तेलाचा घाणा आला, शिवणकाम आले, धुलाई आली, छापखाना आला. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' झाले. ते पाहिले की फुलहॅमची आठवण होते. आंधळ्या मुलींसाठी वेगळे घर झाले आणि मनोरमाने त्यांना ब्रेल शिकवले. ज्यांच्याकडून कधी काही परत मिळण्याची आशा नाही, अशांसाठी ही जागा होती.

आता संस्कृतकडे येतो.

आमचे बालपण दौंडचे. घरात दखनी बोलत. शेजारी मुक्तीत लहानाची मोठी झालेली एक वयस्कर बाई राहायची. आम्ही तिला मावशी म्हणत असू. ती शिवणाचे काम करी आणि ईदचे आमचे सदरे तिच्याच मशिनवर शिवले जात. अब्बा टायफॉइडने आजारी होते, तेव्हा अम्मीला झोप मिळावी म्हणून ती तीन रात्री उशाशी बसली. तिने आम्हाला कधी काही व्हा म्हणून सांगितले नाही. अम्मी म्हणायची, हिची खिदमत म्हणजे नमाजच आहे. दुपारी मावशी तिचा जुना बायबल मोठ्याने वाची, आणि मी जवळ खेळत असे. शाळेतल्या पुस्तकात अडणारा मी तिथे अडत नसे. ती भाषा आमच्या गल्लीतली वाटे.

मोठेपणी कळले, की तो अनुवाद रमाबाईंचा होता. त्यांच्या काळी चालू असलेला मराठी बायबल त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. मुक्तीतल्या अर्ध्या-कच्च्या शिकलेल्या बायांना तो कळत नसे. म्हणून वयाच्या उत्तरार्धात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ ग्रंथावरून साध्या मराठीत अनुवाद करू लागल्या. मुक्तीतल्या बायाच खिळे जुळवत आणि छापत. हे काम वर्षानुवर्षे चालले. 1921 मध्ये, ज्या मुलीवर संस्थेचा पुढचा भार ठेवायचा, ती मनोरमाच गेली. तरी काम थांबले नाही. शेवटची प्रुफे संपवून रमाबाई गेल्या, असे सांगितले जाते. ती तारीख 5 एप्रिल 1922. संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून बाहेर आला.

कवी म्हणून मला यातला त्याग फार मोठा वाटतो. घर, पैसा, आराम सोडणारी माणसे आपण पाहिली आहेत. पण जी विद्या वडिलांनी लोकांचा रोष पत्करून दिली, जिच्या बळावर कोलकात्याच्या पंडितांनी मान दिला, जी क्रुसावरही असावी असा एकेकाळी आग्रह धरला, ती संस्कृत वाणी या बाईने आपल्या लेखणीतून उतरवून बाजूला ठेवली. समोर बसलेल्या, नुकत्याच अक्षरे ओळखू लागलेल्या बाईला जड होईल असा शब्द नको, एवढ्यासाठी. आम्ही लिहिणारी माणसे एक अवघड शब्द सोडताना किती कुरकुरतो! आपल्याजवळचे जे उत्तम आहे, ते मिरवायचे नाही. समोरच्याला जेवढे पेलेल तेवढेच हातात द्यायचे. मला वाटते, प्रेम यालाच म्हणतात.

येशूच्या शिकवणीत न्यायाच्या दिवसाचे एक चित्र आहे. भुकेल्याला दिले ते मला दिले, आजाऱ्याकडे गेलात ते माझ्याकडे आलात, अशा अर्थाचे. 'सहीह मुस्लिम' या हदीसच्या संग्रहातही याच अर्थाची हदीस आहे. तिथे अल्ला माणसाला विचारतो, की मी आजारी असताना तू आला का नाहीस, मी अन्न मागितले तेव्हा दिले का नाहीस? माणूस गोंधळतो, तू तर साऱ्या जगाचा पालनकर्ता, तू आजारी कसा पडशील? तेव्हा त्याला शेजारच्या आजारी, भुकेल्या माणसाची आठवण दिली जाते. ही हदीस मी लहानपणी मशिदीत ऐकली, तेव्हा मला अर्थ विचारावा लागला नाही. अब्बांच्या उशाशी बसलेली मावशी मी पाहिली होती.

केडगावची मुक्ती शंभर वर्षे उलटून गेली तरी काम करते आहे. दौंडची गाडी आजही तिथे थांबते. कधी त्या बाजूला गेलात, तर जरूर उतरा. तिथे जाण्यासाठी कोणता धर्म सोडावा लागत नाही. आपल्या गावात, आपल्या गल्लीत कोणासाठी दार उघडायचे राहिले आहे, एवढे मनात घेऊन परत आलात तरी खूप झाले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)