अवांतर कशास म्हणावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात महिला व बालक विभागाने योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



शिक्षणावर बोलण्याचा आम्हांस फारसा अधिकार नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. आम्ही साधे बी. ए.; केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे आम्ही फायली हलवल्या आणि बदलीच्या हुकमांनी आम्हांला हलवले. तथापि बदलीच्या नोकरीत मुलांच्या शाळा जितक्या पाहाव्या लागतात, तितक्या शिक्षणखात्यातील अधिकाऱ्यासही क्वचितच पाहाव्या लागत असतील. त्या पाहण्यातून, आणि आमच्या हातून घडलेल्या एका चुकीतून, जे उमगले ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत. विषय आहे कॅथलिक मुलींच्या शाळांतील विद्यार्थिनींची मंडळे आणि त्यांचे तथाकथित अवांतर उपक्रम.

आपल्या मध्यमवर्गात ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द उच्चारताच तीन गोष्टी डोळ्यांपुढे येतात: अस्खलित इंग्रजी, कडक शिस्त आणि पांढरेशुभ्र मोजे. या कलकत्ता शहरात ती परंपरा पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. आयर्लंडहून निघालेल्या लोरेटो संघाच्या धर्मभगिनी १८४१ च्या डिसेंबरअखेर येथे उतरल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. या शाळांत वर्गाबाहेरचे जीवनही भरगच्च असते. वादसभा, नाट्य, गायनवृंद, निसर्गमंडळ, भित्तिपत्रक आणि गाईडचे पथक! गाईडची चळवळ हिंदुस्थानात १९११ साली जबलपूर येथे आली. प्रारंभी ती युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलींपुरती होती. १९१६ पासून भारतीय मुलींना तिचे दार उघडले. अशा उपक्रमांनी मुलींना धिटाई येते, चार लोकांत बोलण्याची सवय होते, याविषयी दुमत नसावे. परंतु आमच्या मते या मंडळांचे खरे मर्म निराळे आहे. ते सांगण्यासाठी याच शहरातील दोन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण एंटालीचे. तेथे लोरेटोच्या आवारात सेंट मेरीज ही बंगाली माध्यमाची मुलींची शाळा होती. मदर तेरेसा तेथे १९३१ पासून शिकवीत असत आणि पुढे त्या मुख्याध्यापिका झाल्या. त्या शाळेत ‘सोडॅलिटी’ नावाचे विद्यार्थिनींचे एक मंडळ होते. ही संस्था मूळची १५६३ साली रोममध्ये जेझुइटांच्या महाविद्यालयात जन्मलेली. तिचे स्वरूप अर्थातच धार्मिक होते. परंतु एंटालीत फादर ज्युलियन हेन्री या बेल्जियन जेझुइटांच्या मार्गदर्शनाखाली प्रार्थनेला कामाची जोड मिळाली. मंडळातील मुली ठरल्या दिवशी बाहेर पडत. काही रुग्णालयात जाऊन रोग्यांची विचारपूस करीत, तर काही शाळेच्या भिंतीपलीकडील मोतीझील वस्तीत जात. त्या काळी धर्मभगिनींना आवाराबाहेर मोकळेपणी वावरण्याची मुभा नव्हती. म्हणजे ज्या वस्तीत शिक्षिका जाऊ शकत नव्हत्या, तेथे विद्यार्थिनी जात होत्या!

पुढे १९४८ मध्ये मदर तेरेसा लोरेटो सोडून बाहेर पडल्या. त्यांनी पहिली शाळा मांडली ती याच मोतीझीलमध्ये, उघड्या जमिनीवर काठीने अक्षरे काढून. १९ मार्च १९४९ रोजी त्यांना पहिली सहकारी मिळाली, ती त्यांचीच विद्यार्थिनी सुभाषिनी दास, पुढील सिस्टर अॅग्नेस. पाठोपाठ मॅग्डलेना गोम्स आल्या, त्या सिस्टर गर्ट्रूड झाल्या. आरंभीच्या सहकाऱ्यांत बहुतेक त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीच होत्या. केवळ एका मंडळामुळे हे घडले, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या वस्तीची वाट शाळेच्या पायांखालची होती, एवढे तर खरे.

दुसरे उदाहरण सियालदहच्या लोरेटो शाळेचे. १९७९ ते २०११ या काळात तेथे सिस्टर सिरिल मूनी मुख्याध्यापिका होत्या. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या या विदुषी १९५६ साली भारतात आल्या. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२३ मध्ये त्या निवर्तल्या. शाळा रेल्वे स्थानकाजवळ, आणि स्थानकाच्या परिसरात रस्त्यावर वाढणाऱ्या मुली पुष्कळ. १९८५ मध्ये सिस्टरांनी शाळेचे दार त्यांना उघडले व त्या योजनेस ‘रेनबो’ असे नाव दिले. दिवसाच्या कोणत्याही वेळी अशी मुलगी आली, तर तिला शिकवायला कोणीतरी मोकळे असले पाहिजे. ते कोण? शाळेच्याच पाचवी ते दहावीच्या विद्यार्थिनी! एकीसमोर एक, अशा जोडीने हे शिकवणे चाले. विशेष हे की, ते शाळा सुटल्यानंतरचे पुण्यकर्म नव्हते. कार्यशिक्षण हा विषय अभ्यासक्रमात होताच. त्या तासिकांतच ही योजना बसवली होती. एरवी ज्या तासिकेत कागदाची फुले आणि भरतकाम होते, त्या तासिकेत एका मुलीने दुसरीला अक्षरओळख करून द्यायची. ज्याला आपण अवांतर म्हणतो, ते सिस्टरांनी वेळापत्रकाच्या ऐन मध्यावर आणून बसवले.

आता आमच्या चुकीविषयी. २००८ मध्ये आमची बदली येथे झाली आणि आमच्या कन्येस आम्ही एका कॉन्व्हेंट शाळेत घातले. त्या शाळेतही याच धर्तीवर मुलींचे एक सेवामंडळ होते. नववीत असताना आठवड्यातून दोन तासिका आमची कन्या एका सात-आठ वर्षांच्या मुलीस बंगाली मुळाक्षरे शिकवू लागली. ती स्वतः बंगाली नुकतीच शिकली होती. तिच्या मराठी वळणाच्या उच्चारांवर ती लहानगी पोट धरून हसे व स्वतःच ते सुधारून देई. घरी या गोष्टी रंगवून सांगितल्या जात. पण सहामाहीत गणिताचे गुण घसरले आणि आम्हां उभयतांचा धीर सुटला. आम्ही शाळेस पत्र लिहिले: सदर विद्यार्थिनीस अवांतर उपक्रमांतून मुक्त करावे, ही विनंती. शाळेने कोणताही वाद न घालता ती मान्य केली. त्या दोन तासिका आमची कन्या ग्रंथालयात गणिते सोडवीत बसू लागली. गुण वाढले. आम्ही कृतार्थ झालो.

पुढची हकीकत तिने आम्हांस कित्येक वर्षांनी, पदवी हाती आल्यावर सांगितली. ती लहान मुलगी नंतरचे तीन आठवडे ग्रंथालयाच्या दाराशी पाटी घेऊन उभी राहत असे. तिला दुसरी ताई नेमून दिली होती. पण तिला हीच हवी होती. चौथ्या आठवड्यात ती आली नाही, आणि पुन्हा कधीच आली नाही. कन्या रागावून काही बोलली नाही. एवढेच म्हणाली, “बाबा, तुमच्या पत्रावर जावक क्रमांक तेवढा राहिला होता.” त्या मुलीचे नाव कन्येस आजही आठवते. आम्ही ते तेव्हा विचारलेच नव्हते.

ती मुलगी आमच्या पत्रामुळेच गेली की अन्य कारणाने, हे आता कळण्यास मार्ग नाही. पण आमची चूक त्यावर अवलंबून नाही. आम्ही हिशेब केला तो आमच्या मुलीस त्या उपक्रमातून काय मिळते, याचा. तिची कोणी वाट पाहत असेल, हे आमच्या ध्यानातही आले नाही. वक्तृत्वस्पर्धेत मुलगी उतरली नाही, तर तिचे बक्षीस हुकते. दुसऱ्याचे काही बिघडत नाही. येथे तसे नव्हते. चौदा वर्षांच्या मुलीवर कोणाची तरी खरीखुरी भिस्त होती. ‘तू आली नाहीस तर कोणाचे तरी अडेल’, हे ज्या उपक्रमात मुलीला कळते, तो अवांतर नव्हे. किंबहुना तोच शिक्षणाचा गाभा होय.

परीक्षांची धास्ती आम्हांस कळत नाही असे नाही. ती आम्ही पुरेपूर भोगली आहे. दोन तासिकांनी गणित बुडते, हेही काही वेळा खरे असते. पण त्यावर उपाय घरी अर्धा तास अधिक बसणे हा होता, आणि तो अर्धा तास आमच्यापाशी होता.

शेवटी आपल्या मंडळाविषयी. पन्नास वर्षे आपण गणेशोत्सव केला, मुलांकडून नाटुकली बसवली, पाठांतराच्या स्पर्धा घेतल्या, बक्षिसे वाटली. ते सारे उत्तमच आहे. परंतु आपल्या मुलामुलींकडून आपण कधी काही मागितले का? परप्रांतात एकट्या राहणाऱ्या आपल्या वृद्ध सभासदांना आठवड्यातून एकदा मराठी वर्तमानपत्र वाचून दाखवणे, किंवा आपल्याच घरी काम करणाऱ्या बाईंच्या मुलीस अक्षरओळख करून देणे, एवढे काम जरी सुवर्णमहोत्सवी वर्षात नेमून दिले तरी पुरे. मात्र दोन अटी असाव्यात. काम ठरल्या दिवशी व्हावे, आणि आम्हां पालकांपैकी कोणी सुटकेचे पत्र घेऊन आल्यास कार्यवाहांनी त्यास समोर बसवून एकच प्रश्न विचारावा: त्या दिवशी तुमच्या मुलीची वाट कोण पाहत असेल, त्याचे नाव आपणांस ठाऊक आहे काय?