करंगळीतला बुध



सुरत हे हिऱ्याचं शहर आहे, हे सांगायला कुणी रेडिओवर यायला नको. पण सुरतेच्या बोटांवर हिऱ्यापेक्षा एक हिरवा खडाच जास्त दिसतो, आणि तो इथे घडत नाही. तो बहुतेक वेळा जयपुरात पैलू पाडून येतो. मराठीत तो पाचू, पोथ्यांत मरकत, बाजारात पन्ना. नवापूर, व्यारा, बारडोलीवरून सुरतेला येणारा रस्ता कडोदऱ्याला मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडतो. त्या चार रस्त्यावर उतरून मिलमध्ये किंवा लूमवर कामाला लागलेला खानदेशी माणूस लग्नाचं सोनं अजून जळगावहूनच आणत असेल, पण या खड्याला तोही आता पन्नाच म्हणतो. हा खडा तो हौसेनं घेत नाही, सल्ल्यानं घेतो. बुध हा मिथुन आणि कन्या या राशींचा स्वामी. बुद्धी, वाणी, गणित आणि व्यापार त्याच्याकडे. मुलगा दहावीला अडखळला, हिशेबात खोट आली, दुकान चालेना, की पत्रिकेत बुध दुर्बळ निघतो आणि उपाय ठरतो: शुक्ल पक्षातल्या बुधवारी, सोन्यात मढवून, अंगाला टेकेल असा पाचू करंगळीत. आजचं बोलणं या उपायाबद्दल आहे. ज्योतिष खरं की खोटं हा वाद बाहेर उभं राहून घालता येतो, आणि तो पुष्कळ घातला गेला आहे. मला आत शिरायचं आहे. या श्रद्धेचे नियम तिनेच घालून दिले आहेत. त्याच नियमांनी तिची अंगठी तपासली तर काय दिसतं, एवढाच प्रश्न आहे.

पहिला आणि सगळ्यात कडक नियम असा की खडा निर्दोष हवा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत रत्नांची प्रकरणं सुरू करतानाच म्हटलं आहे की चांगल्या रत्नानं राजाचं भलं होतं, वाईटानं वाईट होतं, म्हणून जाणकारांकडून रत्न पारखून घ्यावं. गरुडपुराणातही रत्नांच्या दोषांची चर्चा आहे. आजचे ज्योतिषीही तेच सांगतात: डाग, चीर, जाळं असलेला पन्ना घालू नका, उलटा फिरेल. आता पाचू म्हणजे काय ते पाहू. ते बेरिल जातीचं खनिज आहे. बेरिलियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांचा. शुद्ध बेरिलला रंग नसतो. त्यात क्रोमियमचा किंवा व्हॅनेडियमचा अंश शिरला की ते हिरवं होतं. पण बेरिलियम आणि क्रोमियम सहसा एका खडकात भेटत नाहीत. जमिनीखाली उलथापालथ होऊन ते भेटतात तेव्हाच पाचू तयार होतो, आणि त्या उलथापालथीच्या खुणा अंगावर घेऊनच तयार होतो. भेगा, द्रवाचे थेंब, परक्या खनिजांचे कण त्याच्या पोटात असतातच. फ्रेंच जवाहिरे या गुंत्याला कौतुकानं बाग म्हणतात. आपल्याकडे त्यालाच दोष म्हणतात. भिंगाखाली स्वच्छ दिसेल असा नैसर्गिक पाचू इतका दुर्मिळ की त्याची किंमत मिलच्या पगारात बसणं सोडाच, मिलच्या मालकालाही दोनदा विचार करायला लावील.

मग दुकानातले पाचू एवढे चकचकीत कसे? तेलामुळे. पैलू पाडल्यावर पाचू तेलात मुरवतात. परंपरेनं देवदाराच्या जातीच्या झाडाचं तेल वापरतात, अलीकडे कृत्रिम राळही. तेलातून प्रकाश जवळपास पाचूतल्याइतकाच वळतो, म्हणून भेगेत तेल भरलं की ती डोळ्याला दिसेनाशी होते. ही लबाडी नव्हे. रत्नव्यापारात ती मान्य रीत आहे आणि चांगल्या प्रयोगशाळा प्रमाणपत्रावर तेल किती आहे तेही लिहितात. पण शास्त्राच्या हिशेबानं याचा अर्थ सरळ आहे. बाजारातला जवळजवळ प्रत्येक पाचू सदोष आहे, फक्त त्याचे दोष झाकलेले आहेत. तेल कायमचं टिकतही नाही. उष्णता, साबण, रसायनं यांनी ते निघत जातं आणि भेगा पुन्हा वर येतात. रंगाईच्या मिलमध्ये वाफ आणि रसायनांत दिवसाचे बारा तास घालवणाऱ्या हाताला कुठला खडा सोसणार नाही, असं विचारलं तर पहिलं नाव पाचूचंच घ्यावं लागेल. (फिरत्या यंत्राजवळ काम करणाऱ्यानं बोटात कुठलीच अंगठी ठेवू नये, मग ती कुठल्याही ग्रहाची असो.)

यावर एक उत्तर तयार असतं: पाचू परवडत नसेल तर उपरत्न घ्या, हिरवा ओनिक्स किंवा पेरिडॉट. पण उपरत्न चालत असेल तर गुण पाचूच्या द्रव्यात नाही, हे मान्यच झालं. ओनिक्स ही सिलिका आहे, पेरिडॉट वेगळंच खनिज आहे. पाचूशी त्यांचं नातं फक्त हिरवेपणाचं. बरं, गुण हिरवेपणात म्हणावा, तर कडोदऱ्याच्या मिलमधून रोज हिरव्या साड्यांचे तागे निघतात. साडेपाच मीटर हिरव्यासमोर पाच रत्तीचा खडा काय करणार? नाही, द्रव्यच महत्त्वाचं म्हणावं, तर प्रयोगशाळेत वाढवलेला पाचू आहे. अमेरिकेत कॅरोल चॅटम यांनी 1930 च्या दशकात तो तयार केला; रसायनानं, रचनेनं, रंगानं तो पाचूच आहे आणि भेगा मात्र पुष्कळ कमी. ज्या शहरात यंत्रात वाढवलेल्या हिऱ्याला रोज पैलू पडतात, तिथे हे वेगळं समजावायला नको. निर्दोषपणाची अट तोच खरी पाळतो. पण त्याला ज्योतिषी नाही म्हणतात, कारण तो पृथ्वीच्या पोटातून आलेला नाही. म्हणजे रंग पुरत नाही, द्रव्य पुरत नाही, निर्दोषपणाही पुरत नाही. नुसत्या डोळ्यानं हा आणि तो ओळखणं मात्र भल्याभल्यांना जमत नाही.

वजनाचं थोडक्यात सांगतो. सल्ला रत्तीत येतो, सव्वापाच, सव्वासहा असा. रत्ती म्हणजे आपली गुंज, साधारण 121 मिलिग्रॅम. पण रत्नबाजारात पक्की रत्तीही चालते, ती जवळपास दीडपट. सव्वापाच रत्ती म्हणजे गुंजेच्या हिशेबानं तीन कॅरेटच्या जरा वर, पक्कीच्या हिशेबानं पावणेपाच कॅरेटच्या पुढे. बुधाला कुठली रत्ती कळते हे कुणी सांगत नाही. दुकानदाराला कुठली सोयीची ते सांगायला नको.

आता ही श्रद्धा किती जुनी आहे ते पाहू, कारण ‘हजारो वर्षांचं शास्त्र’ हा तिचा सर्वांत मोठा आधार असतो. वराहमिहिर स्वतः मोठा ज्योतिषी. बृहत्संहितेत त्यानं पाचूला एकच श्लोक दिला आहे. पोपट, बांबूचं पान, केळ, शिरीषाचं फूल यांच्या रंगाचा मरकत देव आणि पितर यांच्या कार्यात फार शुभ, असा त्याचा आशय. बुध त्यात नाही, करंगळी नाही, कुणाच्या पत्रिकेनुसार घालायचा तेही नाही. त्याच्याआधीची याज्ञवल्क्यस्मृती घ्या. तिच्यात ग्रहशांतीचा स्वतंत्र भाग आहे. राजांचं चढणं-पडणं ग्रहांच्या हाती असतं असं मानणाराच तो भाग आहे, म्हणजे नास्तिकाचं लिखाण नव्हे. त्यात नऊ ग्रहांच्या प्रतिमा कशाच्या करायच्या, समिधा कुठल्या, नैवेद्य काय, दक्षिणा काय, हे सगळं क्रमानं आहे. तिथे बोटात रत्न घालणं नाहीच. नऊ ग्रहांना नऊ रत्नं वाटून दिलेली दिसतात ती पंधराव्या शतकाच्या आसपासच्या जातकपारिजातासारख्या ग्रंथात, आणि तिथेही ग्रहाची दिशा, वस्त्र, धातू यांच्या ओळीत रत्न येतं, एक जुळवणी म्हणून. वाक्प्रचारासारखी ती पुढे रूढ झाली आणि जुळवणीचं औषध झालं. पुराणांतला पाचूचा जुना लौकिक तर वेगळाच आहे. त्याची नावं गारुत्मत, तार्क्ष्य, दोन्ही गरुडाची. सापांचा वैरी तो गरुड, म्हणून हा खडा विषावरचा. ज्या खड्याकडे लोक सर्पविषावर म्हणून पाहत होते, तोच आज गणितावर दिला जातो.

शिवाय हा खडा आला कुठून? सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश लोकांनी आजच्या कोलंबियातल्या मुझोच्या खाणी ताब्यात घेतल्या आणि तिथले मोठे, गडद पाचू जगभर पसरले. त्यांची हिंदुस्थानातली एक मोठी पेठ म्हणजे पोर्तुगीजांचं गोवं. मुघल आणि दख्खनी दरबारांतले नामांकित पाचू बहुतांशी त्या वाटेने आले. हैदराबादच्या निजामाच्या खजिन्यातले काही पाचू ‘जुन्या खाणीचे’, म्हणजे पूर्वेकडच्या कुठल्याशा लुप्त खाणीतले, समजले जात. ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून त्यांचं मूळ शोधणारा अभ्यास 2000 साली सायन्स या नियतकालिकात आला, तेव्हा त्यांतले बहुतेक कोलंबियाचेच निघाले. ज्या खंडाचं नावही वराहमिहिराला ठाऊक नव्हतं, तिथला दगड आज सनातन उपाय म्हणून विकला जातो. कुणी म्हणेल, परंपरा वाढत असते, त्यात वाईट काय? काहीच नाही. पण माणसांनी वाढवलेली गोष्ट माणसांनी तपासायला हरकत नसावी. 1912 साली अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेनं महिन्यागणिक एक खडा ठरवून दिला आणि पाचू मे महिन्याच्या वाट्याला आला. तिथे इंग्रजी महिना, इथे लग्न आणि रास. एकाच बाळाला एका हिशेबानं पाचू हवा आणि दुसऱ्यानं नको.

खडा, तेल, रत्ती हे झालं औषधाचं. त्याआधी निदान असतं, आणि इथे महाराष्ट्राच्या हाती एक नेमका पुरावा आहे. पाचू मुख्यतः बुद्धीसाठी दिला जातो, तेव्हा पत्रिकेवरून बुद्धी कळते का, हाच मूळ प्रश्न. 2008 साली पुण्यात जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह नेमकी हीच चाचणी घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं, अशा दोनशे पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या चाळीस दिल्या. सांगायचं एवढंच की पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची. 27 ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण निघालं शेकडा 46, आणि सर्वांत पुढे गेलेल्याची बरोबर उत्तरं होती 24. नाणं उडवलं असतं तरी वीसच्या आसपास आलीच असती. आक्षेप येतो की हे ज्योतिषी उत्तम नव्हते, खरे जाणकार आलेच नाहीत. असेल. पण मग कडोदऱ्यात, उधन्यात, लिंबायतीत खडा सुचवणारा त्या न आलेल्यांपैकीच आहे, हे घेणाऱ्यानं कसं ओळखायचं? आणि परीक्षा काही अवघड नव्हती. पत्रिकेला जर इतकं ढोबळ अंतर दिसत नाही, तर दहावीला पंचेचाळीस टक्के मिळवणाऱ्या मुलाचा बुध किती रत्ती दुबळा आहे, हे तिला दिसणं शक्य नाही.

किरणांचं स्पष्टीकरणही दिलं जातं: खडा ग्रहाचे किरण खेचून शरीरात सोडतो. बुध स्वतः प्रकाशत नाही; त्याच्यावरून येतो तो सूर्याचाच प्रकाश, आणि ग्रहाचा पृष्ठभाग आहे करड्या रंगाचा. पाचूचा हिरवेपणा बुधाकडून येत नाही. त्यातलं क्रोमियम तांबडा आणि जांभळा प्रकाश शोषतं, म्हणून तो हिरवा दिसतो. मात्र श्रोत्यांपैकी पुष्कळांना किरणांशी देणंघेणं नसेल. त्यांचा आधार अनुभवाचा असतो: अमक्याला गुण आला. इथे खड्याचे हिशेब कसे लिहिले जातात ते पाहण्यासारखं आहे. काम झालं तर खड्यानं केलं. नाही झालं तर खडा खोटा होता, किंवा दशा भारी होती. खडा तडकला तर त्यानं संकट स्वतःवर घेतलं. मुळातच चिरा असलेला दगड तडकणार हे ठरलेलं, म्हणजे हे शेवटचं श्रेय त्याला कधी ना कधी मिळणारच. या वहीत नावे लिहायला रकानाच नाही. कुणी म्हणतं, निदान धीर तरी येतो. येतो, आणि तो खोटा म्हणू नये. परीक्षेला जाणाऱ्याला आईनं दिलेल्या दहीसाखरेनंही येतो. पण दहीसाखर हप्त्यावर घ्यावी लागत नाही, आणि ती संपली म्हणून कुणाच्या पोटात भीतीचा गोळा येत नाही. तडकलेल्या पाचूनं येतो.

कायद्याचं एक सांगायला हवं. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं ज्योतिष सांगणं गुन्हा केलेलं नाही. पण चमत्काराचा दावा करून वस्तू विकणं वेगळं. हनुमान चालीसा यंत्र म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या दूरचित्रवाणी वाहिन्यांवरच्या जाहिराती बेकायदा असल्याचा निकाल जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं दिला. खडा सुचवणारा आणि खडा विकणारा एकच असेल, किंवा एकाची चिठ्ठी घेऊन दुसऱ्याकडे जावं लागत असेल, तर हा निकाल आठवावा. आणि तरीही कुणाला पाचू घ्यायचाच असेल, तो सुंदर दगड आहे म्हणून, तर पावतीवर वजन रत्तीत नको, कॅरेटमध्ये हवं, आणि तेल किती आहे ते लिहून हवं.

जे मनापासून मानतात, त्यांच्यासाठी याज्ञवल्क्याची यादी पुन्हा उघडतो. बुधाला त्यानं जी समिधा सांगितली आहे ती अपामार्गाची, म्हणजे आपल्या आघाड्याची. नैवेद्य दूध आणि साठेसाळीचा भात. लोकपरंपरेनं त्यात बुधवारचे हिरवे मूग घातले. यातलं काहीच करंगळीत मावत नाही, आणि द्यायचं असतं ते दुसऱ्याला द्यायचं असतं. आघाडा तर श्रावणात कडोदऱ्याच्या आसपासच्या उसाच्या बांधांवर गुडघाभर उगवतो. गौरी-गणपतीला तो लागतो तेव्हा बायका तो खुडून आणतात; एरवी शेतकरी तण म्हणून उपटून टाकतो.